थापांच्या स्पर्धेतील पहिला नंबर काढून घेणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब,
आरोग्य विभाग, जिल्हा परिषद,
कोल्हापूर.

अर्जदार : बाळासो ज्ञानू चौगले, वय ६७, धंदा गुळव्या (आता बसून), रा. मौजे धामणखडी, बिद्रीच्या अलीकडे, जि. कोल्हापूर.

विषय : अर्जदाराने भर चावडीपुढे सांगितलेली खरी गोष्ट थाप ठरवून तिला देण्यात आलेला पहिला नंबर रद्द होणेबाबत, तसेच अर्जदारास एचआयव्ही आहे हे गावास, व त्यातही एका बाईस, पटवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) झुंजार तरुण मंडळ, धामणखडी यांनी बेंदरादिवशी जाहीर केलेला निकाल.
२) आपल्याकडील समुपदेशक श्रुती मॅडम यांच्याशी अर्जदाराचे समक्ष बोलणे.
३) श्रीमती बायडाबाई यांचा तोंडी नकार.

महोदय,

विषय वाचून साहेबांनी हा कागद हसण्यावारी नेऊ नये, एवढी विनंती आधी करून मग अर्जदार मुद्द्यावर येतो. हसण्यावारी नेल्यामुळेच हे प्रकरण साहेबांच्या टेबलापर्यंत आले आहे.

१. सदर अर्जदार हयातभर गुऱ्हाळावर गुळव्या होता. गुळव्या म्हणजे काहिलीत रस उकळत असताना पाक आला की नाही हे बघून काहील उतरवायला सांगणारा इसम. पाक येईतोवर भोवतालची माणसे पेंगू द्यायची नसतात, व त्यासाठी त्यांना काहीतरी सांगत राहावे लागते. खऱ्या गोष्टी दोन काहिलींत संपतात. पुढचा हंगाम कशावर काढायचा? या अडचणीतून अर्जदाराचा जो लौकिक झाला तो झाला. अर्जदाराच्या म्हशीने दहावीची परीक्षा दिली, पंचगंगेतल्या एका मगरीची दाढ अर्जदाराने गुळाच्या चिक्कीने काढली, काहिलीखालच्या चुलवाणाचा जाळ इतका वर गेला की चंद्राची एक बाजू अजून काळी आहे, या हकिगती अर्जदाराच्याच आहेत व त्याबद्दल त्याला आजही खंत नाही. त्या ऐकून कोणाचे दूध नासले नाही की कोणाचे लग्न मोडले नाही. लग्न मोडायची पाळी आली ती खरे बोलल्यावर.

२. अर्जदारास एचआयव्ही आहे. हे वाक्य साहेब रोज ऐकत असतील आणि ऐकताच त्यावर विश्वास ठेवत असतील. अर्जदाराचे नशीब तेवढे नाही, आणि त्याची मुख्य तक्रार हीच आहे.

तो कधी व कसा लागला याच्या अर्जदाराने स्वतःच्या मनाशी निरनिराळ्या हकिगती रचून ठेवल्या आहेत. त्यातली खरी त्याच्यापाशीच राहील. अर्जाशी तिचा संबंध नाही. बऱ्याच वर्षांमागे खोकला हटेना, सदरा अंगावर लोंबू लागला, तेव्हा कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात रक्त तपासले आणि निदान झाले. किती दिवस राहिले, असे अर्जदाराने डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, गोळी रोज घेतलीत तर तुमच्याकडे बघून आम्हालाच कंटाळा येईल इतके. अर्जदारास वाटले, हा गडी आपल्याच धंद्यातला दिसतो.

पण तो खरेच बोलत होता. अर्जदाराने आजतागायत गोळी चुकवलेली नाही. ठरल्या वेळी रक्तातील विषाणूंची मोजदाद होते आणि यंत्राला काही सापडत नाही. सापडत नाही म्हणजे तो अंगातून गेला असे नव्हे, हे श्रुती मॅडमनी बजावून सांगितले आहे. ऊसतोडणीनंतर खोडवा जमिनीत बसतो तसा तो बसलेला असतो. गोळी थांबली की फुटवा धरतो. मात्र गोळी चालू आहे आणि यंत्राला तो सापडत नाही, तोवर नवरा-बायकोच्या संगतीतूनही तो दुसऱ्याला लागत नाही. देशोदेशीच्या जोडप्यांवर वर्षानुवर्षे ध्यान ठेवून शास्त्रज्ञांनी हे पक्के केलेले आहे, असे मॅडमनी सांगितले. अर्जदाराने त्यांना पुन्हा सांगायला लावले. त्यांनी पुन्हा तेच सांगितले, शब्दही बदलला नाही. थापाड्या माणूस दुसऱ्या खेपेला काहीतरी वाढवतोच, हे अर्जदारास अनुभवाने ठाऊक असल्यामुळे त्याचा विश्वास बसला.

३. गावाला यातले काही माहीत नव्हते. गोळ्यांसाठी कोल्हापूरला जायचे तर कारण पाहिजे, म्हणून अर्जदार दर वेळी नवे कारण देत असे. कधी मार्केट यार्डात रुसलेल्या गुळाची समजूत काढायला, कधी रंकाळ्याच्या तळाशी असलेल्या भुयाराचे दार उघडून हवा खेळवायला. गाव हसे आणि एसटीत बसवून देई. अशा रीतीने अर्जदाराचे गुपित थापांच्या पोत्यात अगदी सुरक्षित राहिले. खोट्याच्या राशीत एक खरे ठेवले तर ते शोधायला कोणी येत नाही, असे त्याला तेव्हा वाटे. ते बाहेर काढायची वेळ आली तर काय, हा विचार त्याने केला नव्हता.

४. आता बायडाबाईंविषयी. या बाई धामणखडी फाट्यावर एसटीच्या थांब्याला लागून चहा-भज्यांचा गाडा चालवतात. वय पंचावन्न सांगतात. अर्जदाराने त्याला हरकत घेतलेली नाही. त्यांचे यजमान कधीच वारले, मुलगी गडहिंग्लजला दिली. जीभ तिखट, भजी त्याहून. अर्जदारही घरी एकटाच असल्याने काम सुटल्यापासून सकाळचा चहा तिथेच घेतो, व चहा संपला तरी उठत नाही, ही बाब फाट्यावरील सर्वांना माहीत आहे.

मागच्या शिमग्यानंतर एके सकाळी बाई झाऱ्याने भजी उलटत होत्या. वर न बघता त्यांनी विचारले, “गुळवं, तुमची बी एक चूल, माझी बी एक चूल. दोन ठिकाणी जाळ कशापायी?”

साहेब, गुळव्याला जाळाची भाषा कळते. अर्जदाराचे काळीज काहिलीतल्या रसासारखे वर आले. उत्तर एका शब्दाचे होते. पण त्याआधी सांगायची गोष्ट मोठी होती, आणि ती सांगायला तोंड उघडले तर बाहेर काय आले? मगरीची दाढ. बाईंनी ती पुरती ऐकून घेतली, भजी काढली आणि म्हणाल्या, मगरीचं झालं, आता माझं सांगा. तेवढ्यात बिद्रीची एसटी आली व अर्जदार काम नसताना तिच्यात चढून गेला.

श्रुती मॅडमना अर्जदाराने ही हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, लग्नाआधी बाईंना सगळे खरे सांगा. हो म्हणायचे की नाही हे त्यांनी सगळे समजून ठरवायचे. भीती वाटली तर त्यांना आमच्याकडे घेऊन या. ज्याला एचआयव्ही नाही त्याने घ्यायच्या, लागण होऊच नये अशा गोळ्याही असतात, हे त्यांनी सांगितले. शिवाय आता अशी सुई निघाली आहे की सहा महिन्यांतून एकदा टोचली की पुढचे सहा महिने राखण होते. आफ्रिकेत बायकांना ती देऊन पाहिली तेव्हा ज्यांना सुई मिळाली त्यांच्यातल्या एकीलाही लागण झाली नाही. आपल्याकडे ती अजून सरसकट मिळत नाही, हेही मॅडमनी सांगितले. अर्जदार ऐकतच राहिला. गुऱ्हाळावर इतकी वर्षे घालवून त्याला असली एक गोष्ट सुचली नव्हती. शास्त्रज्ञ लोकांनी थापाड्यांच्या पोटावर पाय आणला आहे, हे साहेबांच्या निदर्शनास आणून द्यावेसे वाटते.

५. त्यानंतर अर्जदार अनेकदा गाड्यावर जाऊन बसला. पण जिभेला जे वळण पडले ते पडले. “बायडाबाई, एक सांगायचं हुतं,” एवढे सरळ निघे, आणि पुढे म्हैस दहावीला बसे. तेव्हा अर्जदाराने एक युक्ती काढली. तीच अंगलट आली, म्हणून ती सविस्तर सांगणे भाग आहे.

आमच्या गावात बेंदरादिवशी बैलांची मिरवणूक झाली की चावडीपुढे थापांची स्पर्धा होते. रीत जुनी आहे. सांगणाऱ्याने वाटेल ते सांगायचे. ऐकणाऱ्यांनी प्रत्येक वाक्याला एका सुरात “व्हय की” म्हणायचे. मध्ये कोणी खोटे म्हणायचे नाही, शंका काढायची नाही. ज्याच्या गोष्टीला गाव “व्हय की” म्हणायचे विसरून हसत सुटेल, तो जिंकला.

अर्जदाराने असा हिशेब मांडला. आपल्याला खरे बोलायचे आहे. एकट्या बाईंपुढे जीभ वळत नाही, पण चावडीपुढे ती कधी अडली नाही. गाव मध्ये बोलू शकत नाही, रीतच तशी. सगळे गाव एका सुरात या खऱ्या गोष्टीला “व्हय की” म्हणेल, बाई पुढच्या रांगेत बसून ते ऐकतील, आणि अख्ख्या गावाने हो म्हटलेल्या गोष्टीला घाबरायचे काय कारण? अर्जदारास ही योजना इतकी पसंत पडली की त्याने सदऱ्याला इस्त्री केली.

यंदा अर्जदाराच्या आधी गावातलेच विजयसिंह उभे राहिले. महापुरात त्यांच्या गोठ्याचे पत्र्याचे शेड तरंगत नरसोबाच्या वाडीला गेले, तिथे दर्शन घेतले आणि प्रसादासकट उलट्या पाण्याने परत आले, असे त्यांनी सांगितले. गाव बऱ्यापैकी हसले. मग अर्जदार उभा राहिला.

तो म्हणाला, “मंडळी, मला एचआयव्ही हाय.”

गाव म्हणाले, “व्हय की.”

“बरीच वर्सं झाली. रोज एक गोळी खातोय.”

“व्हय की.”

“आता रगात तपासलं तर मशिनला त्यो घावत न्हाय.”

“व्हय की,” पण या वेळी सुरात फट पडली. मागे कोणीतरी तोंडावर टॉवेल धरला.

“आनि घावत न्हाय तवर त्यो दुसऱ्याला लागत बी न्हाय. बायकुला सुदिक न्हाय.”

साहेब, गाव फुटले. बैल दावणीला उधळले. अर्जदार हात वर करून थांबा थांबा म्हणत राहिला. आपले म्हणणे पुरते पोहोचले नाही असे वाटून त्याने घाईघाईत सहा महिन्यांच्या सुईचेही सांगून टाकले. त्यासरशी पोलीस पाटील खुर्चीवरून खाली आले, आणि मंडळाचे अध्यक्ष धैर्यशील यांनी डोळे पुसत माईक हातात घेऊन जाहीर केले की इतका सरळ चेहरा ठेवून इतकी मोठी थाप या चावडीपुढे आजवर कोणी मारलेली नाही. पहिला नंबर, फेटा व गावठी कोंबडा अर्जदारास देण्यात आला. विजयसिंह दुसरे.

सगळ्या गर्दीत एक माणूस हसले नाही. बायडाबाई उठल्या, पदर खोचला आणि निघून गेल्या.

६. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जदार फेटा काढून, कोंबडा काखेत घेऊन गाड्यावर गेला. कोंबडा कोठे ठेवावा हे न सुचल्याने तो बरोबर होता. बाईंनी चहा टाकला नाही. म्हणाल्या, “नको हुतं तर नको म्हणायचं की, गुळवं. मी काय गळ्यात पडलो व्हय? बाईमाणसाला टाळाय रोग काडतासा, आनि त्यो बी माईकवरनं?”

अर्जदाराने शपथ घेतली. बाई म्हणाल्या, ही शपथ मगरीच्या वेळीही घेतली होती. ते खरे होते. तेवढ्यात कोंबडा खाली उतरून भज्यांचा चुरा टिपू लागला, आणि आजही तिथेच आहे. बाई त्याला दाणे टाकतात. अर्जदाराला चहा टाकत नाहीत.

म्हणजे आज परिस्थिती अशी आहे की, ज्या रोगामुळे लोक लग्नाला नाही म्हणतात, तो रोग खोटा आहे असे समजून अर्जदाराचे लग्न मोडले आहे. अशी केस साहेबांच्या कारकिर्दीत आली असल्यास अर्जदार ऐकायला येईल.

७. यानंतर खरे पटवण्यासाठी अर्जदाराने केलेले प्रयत्न थोडक्यात सादर करतो.

त्याने उपचाराचे हिरवे पुस्तक नेऊन चावडीवर ठेवले. लोकांनी ते बघितले आणि धैर्यशील यांनी विचारले, म्हशीची दहावीची गुणपत्रिका छापली त्याच छापखान्यात का? दुर्दैवाने ती गुणपत्रिका अजून चावडीत चौकटीत लावलेली आहे, शिक्क्यासकट, आणि तिच्यावरचा शिक्का अर्जदाराच्या पुस्तकावरील शिक्क्यापेक्षा ठळक उठला आहे.

त्याने गोळ्यांची बाटली दाखवली. विजयसिंहांच्या आजीने ती हातात खुळखुळवून ही हाडाच्या ताकदीची गोळी आहे, आपणही घेतो, असा निर्वाळा दिला व एक मागितली. अर्जदाराने ती दिली नाही, तेव्हा थाप उघडी पडली असे सर्वांचे मत झाले.

त्याने बक्षीस परत करायला मंडळात जाऊन फेटा टेबलावर ठेवला. मंडळाने बक्षीस परत घेण्याची तरतूद नसल्याचे सांगून, परत करण्याचे सोंगही झकास वठवल्याबद्दल टाळ्या वाजवल्या.

ग्रामपंचायतीत जाऊन “सदर इसम खरे बोलतो” असा दाखला मागितला. रहिवासाचा देतो, चालेल का, असे विचारण्यात आले.

शेवटी अर्जदाराने श्रुती मॅडमना गळ घातली की त्यांनी फोनवरून बायडाबाईंना दोन शब्द सांगावेत. मॅडम म्हणाल्या, तुमच्या तब्येतीची गोष्ट तुमच्या लेखी संमतीशिवाय आम्ही कोणालाच सांगू शकत नाही, तसा कायदा आहे. अर्जदार त्या कायद्याचा मनापासून आदर करतो. त्याच कायद्याच्या सावलीत त्याची इतकी वर्षे सुखाने गेली. फक्त ज्या गावापासून कायदा त्याचे रक्षण करतो, त्याच गावाला तो सांगत सुटला आहे आणि गाव ऐकत नाही, अशा माणसासाठी कायद्यात कलम असावे असे त्याला नम्रपणे वाटते. तोवर हा अर्ज हीच त्याची लेखी संमती समजावी.

८. इथवर जे झाले ते अर्जदाराचे घरगुती. ते त्याने सोसले असते आणि रोज फाट्यावर बिनचहाचा बसून राहिला असता. पण मंडळाने एसटीच्या थांब्यावर फलक लावला, आणि तिथून ही गोष्ट साहेबांच्या खात्याची झाली.

फलक मोठा आहे. मध्ये फेटा बांधलेला अर्जदार, डोळ्यांवर धैर्यशील यांचा गॉगल. भोवती कार्यकर्त्यांचे गोल गोल फोटो. वर “नाद न्हाय करायचा”. खाली अर्जदाराचे वाक्य जसेच्या तसे: गोळी रोज घेतली आणि मशिनला घावला न्हाय, तर एचआयव्ही दुसऱ्याला लागत न्हाय. आणि त्याखाली लाल अक्षरात: वर्षातली सर्वांत मोठी थाप.

मागच्या खेपेला गोळ्या आणायला गेला असता अर्जदार कोल्हापूरच्या उपचार केंद्रात बाकावर बसला होता. शेजारी उचगावकडची एक तरुण पोर बसली होती. नाव अर्जदाराने विचारले नाही. माहेरी जाताना तिची एसटी आमच्या फाट्यावर थांबते. गॉगल नसल्यामुळे तिने अर्जदाराला ओळखले नाही. हळूच म्हणाली, “आजोबा, ते गोळीचं खोटं असतंय व्हय वो? तिकडं बोर्ड लावलाय. खोटंच असंल तर कशाला खायाची रोज?”

साहेब, त्या पोरीच्या हातात नवा हिरवा चुडा होता. अर्जदाराने तिला एवढेच सांगितले की बोर्डावरचा म्हातारा मी आहे, आणि तेवढे एकच वाक्य मी खरे बोललो होतो. मग तिला मॅडमच्या खोलीच्या दारापर्यंत नेऊन सोडले. आत काय बोलणे झाले ते तिचे तिला.

परत येताच अर्जदार विळा घेऊन फलक फाडायला चढला. मंडळाने खाली उतरवले. अभिनंदनाचा स्वतःचाच फलक स्वतः फाडणारा कोल्हापूर जिल्ह्यातला हा पहिलाच इसम, म्हणून गावात पुन्हा हशा झाला, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट मोठा फलक लागला. त्यात आता विळा घेतलेला फोटोही आहे.

त्या फलकाखालून रोज किती एसट्या जातात हे साहेबांनी डोळ्यांपुढे आणावे. अर्जदाराच्या थापांनी आजवर कोणाचा केस वाकडा झाला नाही. हे खरे मात्र थाप म्हणून टांगून ठेवले तर कोणीतरी गोळी सोडेल. ते अर्जदाराला झेपणार नाही.

९. सबब मागणी पुढीलप्रमाणे.

साहेबांनी बाजाराच्या दिवशी, बुधवारी, धामणखडी फाट्यावर स्वतः यावे. शासनाचे नाव लिहिलेल्या गाडीतूनच यावे. मोटारसायकलवरून आल्यास अर्जदाराने भाड्याने आणलेला माणूस समजतील. बायडाबाईंच्या गाड्यापुढे उभे राहून दोन वाक्ये बोलावीत. पहिले, बाळासो चौगले यास एचआयव्ही आहे. दुसरे, त्याचा उपचार नीट चालू आहे, त्याच्याकडून तो कोणाला लागणार नाही. बोलताना साहेबांनी हसू नये. गावाने सवयीने “व्हय की” म्हटल्यास रागावू नये.

रक्त तपासायचे साहित्यही बरोबर आणावे. ज्याला तपासून घ्यायचे आहे पण लाज वाटते, त्याला अर्जदाराच्या पाठीमागे उभे राहता येईल, कारण रांगेत पहिला तो असेल. इतरांचे निकाल ज्याचे त्यालाच कळावेत. अर्जदाराचा मात्र माईकवरून वाचावा.

फलक काढण्याची आवश्यकता नाही. तो भक्कम बांधला आहे व साहेबांच्या खात्याचा खर्च वाचेल. फक्त लाल ओळ खोडून तिथे साहेबांचा हुद्दा व सही यावी. गॉगल राहू द्यावा.

पहिला नंबर विजयसिंह यांना देण्याची मंडळास शिफारस करावी. शेड वाडीला गेलेच नव्हते. अर्जदाराच्या परसात येऊन अडकले होते व आजही तिथेच आहे.

१०. या अर्जाचा मजकूर सांगितला तेव्हा मॅडमनी एक प्रश्न विचारला. तो साहेबही विचारतील, म्हणून लिहितो. थापाड्याला गाव हसते. गावाला खरे पटले आणि उद्या लोक तुमच्या बाकावरून उठले, पाणी वेगळे दिले, तर? अर्जदाराने यावर विचार केला आहे. गावात चार माणसे तसे करतीलही. त्यांना काय सांगायचे ते साहेब त्याच दिवशी सांगून जातील. आणि चहाचे म्हणाल तर तो आजच बंद आहे.

साहेबांच्या गाडीची वाट बघणारा,
आणि या कागदापुरता शब्दाला जागलेला,

(सही) बाळासो ज्ञानू चौगले
धामणखडी, दि. १७ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) हिरव्या पुस्तकाची झेरॉक्स.
२) फलकाचा फोटो (विळ्यासह).
३) म्हशीची गुणपत्रिका, शिक्के ताडून पाहण्यासाठी. पाहून परत मिळावी, चावडीत लावायची आहे.

ता. क. : अर्ज टपालात टाकायला फाट्यावर आलो असता एसटी यायची होती. बायडाबाईंनी हा कसला कागद म्हणून विचारले. अर्जदाराने पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. बाईंनी मध्ये एकदाही “व्हय की” म्हटले नाही. एक घाणा भजी करपली. वाचून झाल्यावर त्यांनी कोंबड्याला मूठभर दाणे टाकले आणि त्या म्हणाल्या, “थापा मारताना तुमची जीभ कवा अडत न्हाय, गुळवं. आज चार ठिकाणी पानी प्यालासा.”

मग त्यांनी चहा टाकला.

सबब विषयातील “व त्यातही एका बाईस” एवढे शब्द साहेबांनी खोडावेत. बाकी अर्ज कायम आहे, फलकही कायम आहे, तरी यावेच. लग्नाला हो की नाही हे बाईंनी अद्याप सांगितलेले नाही. पुढच्या खेपेला गोळ्या आणायला जाताना आपल्यालाही हाक मारा, एवढेच म्हणाल्या. त्या मॅडमना आपल्याला काय काय विचारायचे आहे, आणि ते “तुमच्या म्होरं न्हाय.”

तरी त्या दिवशी अर्जदारास बाहेरच्या बाकावर बसवून ठेवावे, ही विनंती.